खानावळ, मोंढा आणि महामार्ग

‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथल्या बाजारपेठेने कमावलेली आहे. पण त्या बाजाराला आलेला माणूस जेवत कुठे होता? शहराचा सामाजिक इतिहास मला या प्रश्नातून अधिक स्पष्ट दिसतो.

1900 च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली आणि जालन्याचा व्यापार वाढला. मोंढ्यात माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याची सोय खानावळीने केली. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा, थंडीत बाजरी. पुढे पोलाद कारखान्यांत उत्तरेकडचे कामगार आले, तशी ताटे बदलली. गिऱ्हाईक वेगळे, म्हणून चव वेगळी. मालाची पट्टी हाती आली की उधारी फिटायची. सगळा कारभार ओळखीवर.

साखळी उपाहारगृह नेमके अनोळखी माणसासाठी असते. 1996 मध्ये मॅकडोनल्ड्स आणि डॉमिनोज भारतात आले, ते ठरलेली यादी, ठरलेले वजन आणि बाहेरून येणारा अर्धा तयार माल घेऊन. आता अमृततुल्य चहाच्याही फ्रँचायझी निघाल्या आहेत. याला नुसती नाके मुरडण्यात अर्थ नाही. ज्या ओळखीवर खानावळ चाले, तीच ओळख काहींना दाराबाहेर ठेवी. राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला, तो उगाच नव्हे. जात न विचारता मिळणारे एकसारखे ताट हीही एक कमाईच आहे.

मग खानावळीचे भवितव्य कशावर ठरेल? माझ्या मते चवीपेक्षा रस्त्यावर. जुना रस्ता प्रवाशाला गावाजवळून नेई. भूक लागली की गाडी थांबे. 11 डिसेंबर 2022 रोजी नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातूनच जातो, पण त्यावर मनात येईल तिथे थांबता येत नाही. नेमून दिलेल्या ठिकाणीच जेवायचे. तिथे भाडे आणि भांडवल लागते. उधारीच्या वहीवर चालणाऱ्याला ते कुठून झेपणार?

मोंढ्यातली खानावळ शेतकरी येतो तोवर तग धरेल. पण तिच्या वह्या रद्दीत जात आहेत. कोणत्या हंगामात कोण उपाशी होते, कोणाला उधार मिळाले आणि कोणाला नाही, हे त्यांत लिहिलेले आहे. जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयाने त्यांच्यासाठी एक कपाट रिकामे करावे.