मुखवट्यातील नायिका आणि संग्राहकाची दृष्टी

जनप्रिय साहित्याचा इतिहास लिहिताना एक अडचण वारंवार पुढे येते. जे सर्वाधिक वाचले गेले, तेच बहुधा सर्वांत कमी जपले गेले. कायदा हाती घेऊन अन्यायाचे पारिपत्य करणारी चित्रकथेतील मुखवटाधारी नायिका हे याचे ठळक उदाहरण होय. तिचा माग समीक्षकापेक्षा संग्राहकाकडेच अधिक सापडतो. त्यामुळे संग्राहकाला तिच्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाचाही ठरतो.

ही नायिका चित्रकथेतूनच आपल्याकडे आली, असे मानण्याचे कारण नाही. 1935 मध्ये मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने काढलेल्या ‘हंटरवाली’त नादियाने साकारलेली राजकन्या माधुरी मुखवटा चढवून जुलमी वजिराविरुद्ध उभी राहते. पाश्चात्त्य साहसपटांचा संस्कार या चित्रपटावर होताच. तथापि ली फॉकचा ‘फँटम’ 1936 मध्ये आणि ‘वंडर वुमन’ 1941 मध्ये अवतरली, हा कालक्रम नजरेआड करता येत नाही.

अमेरिकेत या नायिकेचे संग्रहमूल्य कसे घडले, हे ‘फँटम लेडी’च्या उदाहरणावरून कळते. 1948 मधील तिच्या 17 व्या अंकाचे मॅट बेकरचे मुखपृष्ठ फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने 1954 च्या आपल्या ग्रंथात चित्रकथांच्या अनिष्ट परिणामांचा पुरावा म्हणून छापले. पुढे तोच अंक संग्राहकांच्या लेखी अत्यंत मोलाचा ठरला. निषेधानेच त्याला मूल्य मिळवून दिले.

मराठीत असा निषेध झाला नाही. झाली ती उपेक्षा. बेनेट कोलमन कंपनीची ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला मुंबईत मार्च 1964 मध्ये सुरू झाली आणि 1990 मध्ये बंद पडली. या काळात तिचे 800 हून अधिक अंक निघाले. मराठी आवृत्तीत ‘फँटम’चा ‘वेताळ’ झाला. गावाच्या शिवेवर उभा राहणारा, भयकारी तरीही रक्षक असलेला वेताळ मराठी लोकमानसाला परिचित असल्यामुळे हे भाषांतर केवळ शब्दांतर राहिले नाही. पण फॉकच्या कथाविश्वात 17 व्या फँटमची जुळी बहीण ज्यूली भाऊ जखमी असताना त्याचा वेश धारण करते. तिच्यासाठी मराठीत शब्द कोणता? वेताळाला रूढ स्त्रीरूप नाही. हडळ, जखीण, डाकीण ही नावे आहेत. परंतु त्यांत भय आहे, रक्षकत्व नाही. ‘हंटरवाली’चे नावही हातातल्या शस्त्रावरूनच पडले. ज्यूलीचा अधिकार भावाकडून उसना घेतलेला, माधुरीचा राजकुलातून आलेला. मुखवट्याने नायिकेला कर्तृत्व दिले, स्वतंत्र संज्ञा मात्र दिली नाही.

वऱ्हाडाचा विचार करता या उपेक्षेचे भौतिक रूप स्पष्ट होते. अकोला मुंबई-नागपूर लोहमार्गावर, तर अमरावती बडनेऱ्याच्या फाट्यावर. मुंबईत छापलेला अंक अशा शहरांत पोचे तो रेल्वे स्थानकावरील आणि रस्त्यावरील विक्रेत्यांमार्फत. पुढे तो भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून आणि उन्हाळी सुट्टीतील देवघेवीतून हातोहाती फिरे. आधी मुखपृष्ठ जाई, मग टाचणीजवळची पाने सुटत, शेवटी अंक रद्दीत पडे. 1923 मध्ये अमरावतीत विदर्भ साहित्य संघाची स्थापना झाली, इतकी या प्रदेशाची वाङ्मयीन जाणीव जुनी. पण रूढ अर्थाने ‘साहित्य’ म्हणून जे मानले जाई, त्यात हे अंक बसत नव्हते. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ 1950 पाशी थांबते. पुढच्या काळातील चित्रकथांसाठी अभ्यासकाला संग्राहकाच्या याद्यांकडेच वळावे लागते.

या याद्यांचे ऋण मान्य करूनही त्यांची मर्यादा नोंदवली पाहिजे. संग्राहकाला कोरा, न हाताळलेला अंक प्रिय असतो. म्हणजे वाचन ही त्याच्या हिशेबी हानी होय. क्रमांक, चित्रकार, मुखपृष्ठ यांची तो काटेकोर नोंद ठेवतो. भाषांतराची भाषा आणि वाचणारे हात त्या नोंदीत येत नाहीत. वाङ्मयेतिहासाला मात्र भाड्याच्या दुकानाचा शिक्का बसलेली, कडा झिजलेली प्रत अधिक बोलकी वाटायला हवी. नायिका दुर्मीळ झाली ती वाचकांनी तिला वापरून संपवले म्हणून. ज्याला संग्राहक दोष म्हणतो, तीच झीज तिच्या वाचनाचा उरलेला पुरावा आहे.