गिनीपिगचं अंथरूण

मंडळी, हल्ली आमच्या संभाजीनगरातल्या (जुन्या सवयीने औरंगाबादच म्हणतो आम्ही) फ्लॅटांमधून गिनीपिग दिसू लागले आहेत. नात्यातल्या मुलांनीही पाळलेत. निवृत्त मास्तराला सगळं माहीत असतं अशी एक समजूत आहे, त्यामुळे मला फोन येतात : "आजोबा, त्यांच्या खाली काय पसरायचं?"

उत्तर तसं सोपं आहे. लाकडाच्या वखारीतला बारीक भुसा नको. त्याची धूळ त्यांच्या नाकात जाते. देवदारासारखं उग्र वासाचं लाकूडही नको. मांजरांसाठी मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती तर अजिबात नको, कारण हे प्राणी समोर येईल ते कुरतडतात. जाळीच्या तळामुळे त्यांच्या पायांना जखमा होतात. खाली कागदाचा लगदा किंवा फ्लीसचं कापड, त्यावर भरपूर वाळलेलं गवत, आणि ते ज्या कोपऱ्यात बसतात तिथे कमी उंचीच्या काठाचा एक पसरट ट्रे. ट्रेच्या वर गवत टांगा. खाता खाताच लेंड्या टाकायची त्यांची रीत असल्यामुळे बरंचसं काम ट्रेमध्येच होतं. ओलं झालेलं रोज काढा. लघवीच्या उग्र वायूने त्यांची छाती बिघडते.

पण वाचकहो, इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे गिनीपिगच्या खालची जमीन म्हटलं की मला मुंबईतलं परळ आठवतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो विएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारचा संशय घाणीवर होता. घरं औषधाने धुतली गेली, जमिनी उकरल्या गेल्या, गोरगरिबांची अंथरुणं-पांघरुणं बाहेर काढून जाळली गेली. ज्याच्या घरात एकच वाकळ, त्याची तीही गेली. पुण्यात या झडत्यांचा संताप २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळ्या झाडण्यापर्यंत पोचला. इकडे खेड्यापाड्यांतल्या लोकांचं शास्त्र वेगळं होतं. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालायच्या. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं हे सांगत.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने सांगितलं की रोग उंदरावरच्या पिसवा पसरवतात. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे मुंबईच्या राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगने मेले, तेव्हा कॅप्टन ग्लेन लिस्टन यांना त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. १९०५ मध्ये प्लेग संशोधन आयोग नेमला गेला आणि परळच्या प्रयोगशाळेच्या (आजची हाफकिन संस्था) आवारात प्रयोगासाठी मुद्दाम खोल्या बांधल्या गेल्या.

त्या खोल्यांमध्ये प्लेग झालेले आणि निरोगी गिनीपिग एकत्र सोडले. पिसवा नव्हत्या तिथे निरोगी प्राण्यांना काही झालं नाही. खोल्या मुद्दाम झाडल्यासुद्धा नव्हत्या! आजारी प्राण्यांची लघवी, लेंड्या, त्यांनीच खराब झालेलं खाणं, सगळं तसंच पडलेलं, तरी रोग पसरला नाही. पिसवा असल्या की मात्र साथ सुरू. मग पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यात रोग पोचला, दोन फुटांवरच्या पिंजऱ्यात नाही. पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही, एवढंच कारण. प्लेगच्या घरांत पिंजऱ्याभोवती सहा इंच रुंद चिकट कागद लावला, तेव्हा पिसवा कागदावर अडकल्या आणि आतले प्राणी वाचले. १९०६ पासून हे सारे प्रयोग छापून प्रसिद्ध झाले.

वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना विचारत असे : मग दोष कुणाचा होता? जाळलेल्या वाकळेचा नव्हता, ती पांघरणाऱ्याचा तर नव्हताच. गरिबाच्या घराला घाण म्हणणं सोपं असतं. नेमकं कारण शोधायला धीर लागतो. पिसवा कपड्यालत्त्यांतूनही प्रवास करतात हे खरं. पण आधी जाळायचं आणि दहा वर्षांनी तपासायचं, हा क्रम उलटा झाला.

त्या न झाडलेल्या खोल्यांत मेलेल्या गिनीपिगांची नावं कुठे असणार? त्यांना नावंच नव्हती. आजच्या गिनीपिगांना मुलं हौसेने नावं ठेवतात. त्यांच्या खालचं गवत रोज बदला, हे मी सांगतो ते प्लेगच्या भीतीने नाही. या जातीने आपल्यासाठी अस्वच्छ जमिनीवर पुष्कळ दिवस काढलेत. आता कोरडं अंथरूण त्यांच्या वाट्याला यायला हरकत नाही.

असो.