मागणीनुसार मुद्रण आणि छायाचित्रग्रंथ : घोडबंदर रस्त्याच्या निमित्तानें

ठाण्याच्या माजिवड्याहून निघालेला रस्ता उल्हास नदीच्या खाडीकाठानें घोडबंदरास पोहोंचतो. तेथील फिरंगी कोट मराठ्यांनीं इ. स. १७३७ त घेतला. आज ह्या रस्त्यावर उंच इमारती उठल्या असून जुन्या खुणा लोपत आहेत. त्यांच्या कृष्णधवल छायाचित्रांचें पुस्तक करूं इच्छिणारास हजार प्रती छापण्याची आतां गरज नाहीं. संगणकांत रचलेल्या पृष्ठांवरून मागणी येईल तशी एकेक प्रत छापून मिळते. अशा प्रतीचें ऐतिहासिक साधन ह्या नात्यानें मोल काय, एवढाच येथें विचार कर्तव्य आहे.

ह्या पद्धतीचें पूर्वरूप मुंबईंतच सांपडतें. तेथें फोटोग्राफिक सोसायटी १८५४ त स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होत. विल्यम जॉन्सन ह्याचा मुंबईंतील जातिजमातींवरील ग्रंथ १८६३ व १८६६ ह्या सालीं दोन भागांत निघाला. जेम्स बर्जेस ह्याचा घारापुरीच्या लेण्यांवरील ग्रंथ १८७१ चा. ह्या ग्रंथांतील मजकूर छापलेला आहे, परंतु छायाचित्रें एकेक उठवून पानांवर डकविलेलीं आहेत. त्यामुळें एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत तेंच चित्र एकींत गडद, तर दुसरींत फिकें आढळूं शकतें. जॉन्सननें तर माणसें व पार्श्वभूमि निरनिराळीं टिपून जोडलीं आहेत. अर्थात् छायाचित्र म्हणून साक्ष निर्विवाद, असें तेव्हांही नव्हतें.

पुढें जाळीच्या ठशांनीं चित्रें अक्षरांबरोबर छापूं लागले. प्रती सारख्या झाल्या, पण मोठ्या आवृत्तीवांचून खर्च भागेना. मागणीनुसार मुद्रणांत ठसाच नाहीं. म्हणून खर्च टळतो, आणि प्रतींचें सारखेपणही सुटतें. एकट्या काळ्या शाईनें छापल्यास गडद भाग उथळ दिसतात. चार रंगांच्या शायांनीं छापल्यास छटा भरदार येतात, परंतु यंत्राचा समतोल किंचित् ढळला कीं करड्यावर हिरवट वा तांबूस झांक येते. जुना चुना, शेवाळ व नवी डागडुजी ह्यांतील भेद ह्याच छटांवरून ओळखावयाचा असतो. छटा बिघडली, तर पुरावाच बिघडला.

पोथीसंग्राहकांस ह्यांत नवल वाटूं नये. लेखनिकही मागणीनुसारच प्रत करी, आणि म्हणूनच पुष्पिकेंत शक, तिथि, स्थळ व आपलें नांव नोंदी. मागणीनुसार छापलेल्या पुस्तकावर केवळ ‘पहिली आवृत्ति’ हे शब्द पुरत नाहींत. आंतील चित्र बदललें तरी ते तसेच राहूं शकतात. सबब प्रत्येक प्रतीवर मुद्रणाचा दिनांक, कागद व शाईची पद्धति, आणि प्रत्येक चित्राखालीं तें टिपल्याची जागा व दिवस अवश्य द्यावा. मूळ चित्रसंच व तपासलेली एक प्रत एखाद्या ग्रंथसंग्रहांत ठेवावी. तटाचा दगड ढळल्यावर वाद पडेल, तेव्हां पुष्पिका असलेली प्रतच साक्षीस उभी राहील.