फेरारी एफएक्सएक्स : पैसे मोजून घेतलेलं चाचणीचं काम

कोट्यवधी रुपये मोजून गाडी घ्यायची, पण ती रस्त्यावर काढायची नाही. अधिकृत शर्यतीतही उतरवायची नाही. वर ती चालवून कंपनीला सांगायचं, की कुठे काय सुधारायला हवं! इटलीतल्या मारानेल्लोच्या फेरारी कंपनीने २००५ मध्ये नेमका हाच प्रस्ताव निवडक ग्राहकांपुढे ठेवला. त्या गाडीचं नाव फेरारी एफएक्सएक्स.

गाडी कशी आहे?

एफएक्सएक्सचा पाया म्हणजे २००२ ची फेरारी एन्झो. एन्झो रस्त्यावर चालवता येते. तिचं सुमारे ६६० अश्वशक्तीचं सहा लिटर व्ही-१२ इंजिन एफएक्सएक्ससाठी ६.३ लिटरचं करण्यात आलं आणि ताकद सुमारे ८०० अश्वशक्तीवर गेली. गिअर बदलायला सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. टायर गुळगुळीत, म्हणजे स्लिक. कोरड्या ट्रॅकवर ते घट्ट पकड घेतात, पण सार्वजनिक रस्त्यावर वापरायला त्यांना परवानगी नसते.

किंमत होती सुमारे १५ लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने अंदाजे आठ कोटी रुपये. गाड्या चाळीसपेक्षाही कमी बनल्या. नुसते पैसे असून भागत नव्हतं. कोणाला गाडी द्यायची हे फेरारीच ठरवायची आणि आपल्या जुन्या, विश्वासातल्या ग्राहकांनाच बोलवायची.

मालकांचं काम काय?

किमतीत ट्रॅकवरचे दिवस, तंत्रज्ञांची मदत आणि देखभाल धरलेली होती. कंपनीने ठरवलेल्या ट्रॅकवर मालक यायचे आणि गाडी चालवायचे. गाडीतले सेन्सर वेग, ब्रेक, टायर, इंजिन अशा अनेक गोष्टींची नोंद ठेवायचे. फेरी संपली की इंजिनिअर ती माहिती तपासायचे आणि चालवणाऱ्याला काय जाणवलं तेही विचारायचे.

कंपनीचे कसलेले चाचणी-चालक असताना मालक कशाला हवेत? कारण कसलेला चालक गाडीचा दोष नकळत सांभाळून घेतो. हौशी माणूस चुकतो, बिचकतो, उशिरा ब्रेक दाबतो. पुढे महागडी फेरारी विकत घेणारा माणूसही असाच असणार. शिवाय ही गाडी कुठल्याच शर्यतीच्या नियमांत बसवायची नसल्याने इंजिनिअरांना नवे प्रयोग करायला मोकळीक होती.

सुधारणा झाली का?

२००७ मध्ये ‘इव्होल्युत्सिओने’ ही सुधारित आवृत्ती आली. इंजिन ८६० अश्वशक्तीचं झालं आणि गिअर बदलण्याचा वेळ ६० मिलिसेकंदांवर आला. चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेला नऊ टप्पे मिळाले, त्यामुळे ट्रॅक आणि टायरच्या स्थितीनुसार चालकाला हवा तो टप्पा निवडता येऊ लागला.

एफएक्सएक्सच्या मालकांत फॉर्म्युला वनचा विश्वविजेता मायकेल शूमाखरही होता. २००९ मध्ये त्याची काळी एफएक्सएक्स ब्रिटनच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमात धावली. तिने १ मिनिट १०.७ सेकंदांची वेळ दिली, पण स्लिक टायरमुळे ती वेळ नंतर यादीतून काढण्यात आली.

पुढे काय?

हीच पद्धत फेरारीने ५९९एक्सएक्स आणि २०१४ च्या एफएक्सएक्स के या गाड्यांसाठी वापरली. ‘के’ हायब्रिड आहे. इंजिन आणि विजेची मोटर मिळून १०५० अश्वशक्ती.

एरवी संशोधनाचा खर्च कंपनी करते आणि चाचणी-चालकाला पगार देते. इथे दोन्ही उलटं झालं. मालकांना अशी गाडी मिळाली, जी बाजारात कुणालाही मिळत नाही. फेरारीला गाडीची किंमत मिळाली आणि त्या गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंदही.