नाच्याचे ऋण : गणपत पाटील यांचे जीवन आणि कला

मराठी रंगभूमीच्या इतिहासात पुरुषाने लुगडे नेसणे ही काही नवलाची गोष्ट नाही. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला, बालगंधर्वांची भामिनी आणि सिंधू यांचे गुणगान करणारी पुस्तके प्रत्येक जुन्या ग्रंथालयाच्या कपाटात आढळतात. आपला हुबळी-धारवाड परिसरही या परंपरेस परका नाही. बालपणी 'शारदे'च्या भूमिकेने नाव मिळविलेल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले यांनी 'ललितकलादर्श' नाटक मंडळीची स्थापना केली ती हुबळी मुक्कामी, 1 जानेवारी 1908 रोजी. केलगेरीस राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट घरातल्या वडिलधाऱ्यांच्या कर्तबगारीसारखी अभिमानाने सांगाविशी वाटते. पण त्याच कोल्हापूरच्या मातीतून पुढे आणखी एक नट आला. त्यानेही आयुष्यभर बायकी हावभाव केले आणि लक्षावधी मराठी माणसांना हसविले. त्याच्या वाट्याला मात्र शालजोडी फार उशिरा आली आणि हेटाळणी फार लवकर. त्या गणपत पाटील यांच्याविषयी या शताब्दी ग्रंथात चार शब्द लिहावेत, असे मनात आहे.

गणपतरावांचा जन्म कोल्हापूरच्या एका गरीब घरातला. त्या काळी कोल्हापुरात मेळ्यांचे मोठे प्रस्थ होते. या मेळ्यांत लहानपणापासून ते निरनिराळी सोंगे वठवीत आणि रामायणातली सीताही त्यांनी रंगविली होती. अर्थात त्या वयात मुलाने सीता होण्यात कोणास काही वावगे वाटत नसे. मेळ्यांतून, नाटकमंडळ्यांतून असे कितीतरी मुलगे सीता, तारा, द्रौपदी होऊन गेले आणि मिसरूड फुटताच पुन्हा आपापल्या उद्योगाला लागले. पुढे राजा गोसावी यांच्याशी ओळख झाली आणि तिच्यामुळे मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेचे दार उघडले. ते उघडले तेही नट म्हणून नव्हे. सुतारकाम करावे, रंगभूषेत हाताखाली राबावे, अशी ती उमेदवारी होती. मग राम गबाले यांच्या 'वंदे मातरम्' (1948) या, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या प्रमुख भूमिका असलेल्या चित्रपटात आणि भालजी पेंढारकरांच्या 'मीठभाकर'मध्ये लहानसहान कामे मिळाली. 'मीठभाकर' म्हणजे 1948 च्या जाळपोळीत नष्ट झालेला आणि भालजींनी जिद्दीने पुन्हा उभा केलेला चित्रपट. अशा माणसांच्या सहवासात ही उमेदवारी झाली, हे ध्यानी घ्यावे.

त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते नाटकाने. जयशंकर दानवे यांच्या 'ऐका हो ऐका' या तमाशाप्रधान नाटकात त्यांना सोंगाड्याची भूमिका मिळाली. ती पाहून 'जाळीमंदी पिकली करवंदं' या नाटकात नाच्याचे काम आले. ते इतके गाजले, की 'वाघ्या मुरळी' या चित्रपटात पुन्हा नाच्याच वाट्यास आला. मग 'सवाल माझा ऐका' (1964), 'केला इशारा जाता जाता' (1965) असे करीत तमाशापट आणि गणपत पाटील हे समीकरणच होऊन बसले. कमरेवरचा हात, मानेचा झोका, मनगटाची ती मुरड आणि 'आत्ता गं बया!' हा उद्गार! पडद्यावर फड उभा राहिला, की नायिकेच्या आधी प्रेक्षक त्यांची वाट पाहत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये. ज्यांना हे काम सोपे वाटते त्यांनी त्यांची कुठलीही एक प्रवेशमालिका लक्षपूर्वक पाहावी. ढोलकीचा तोडा संपण्याच्या नेमक्या क्षणी तो उद्गार येतो. अर्धी मात्रा इकडे-तिकडे झाली, तर हशा मरतो. हे तालाचे ज्ञान आहे.

नाच्या हा तमाशातला जुना मानकरी. फडावर स्त्रिया येण्यापूर्वी नाच्या पोऱ्याच स्त्रीवेशात नाचत असे आणि पेशवाईतील शाहिरांचे फडही त्याच्यावाचून उभे राहत नसत. पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळा हिवरगावकरणीसारखी कलावती उभी राहिली आणि नृत्याचा मान स्त्रियांकडे गेला. तिकडे नाटकातही 1933 साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या आणि स्त्रीपार्टीचे युग उताराला लागले. तरी तमाशाने आपल्या पुरुषांना लुगड्यातून पुरते मोकळे केले नाही. गवळणीतली मावशी पुरुषाचीच राहिली आणि नाच्याही राहिला. मात्र आता तो नाचणारा न राहता केवळ हसविणारा झाला. पूर्वी जी त्याची कला होती, तेच त्याचे व्यंग ठरले.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. बालगंधर्वांची स्त्री पाहताना प्रेक्षक पुरुष विसरत असे. त्या विस्मरणातच नटाचा गौरव होता. आचार्य अत्रे यांच्या 'मोरूची मावशी'त प्रकार वेगळा. ब्रँडन थॉमस यांच्या 1892 मधील 'चार्लीज आंट' या इंग्रजी प्रहसनावरून बेतलेल्या या नाटकात पुरुष लुगडे नेसतो तो अडचणीत सापडल्यामुळे, आणि प्रेक्षकाला ते पहिल्यापासून ठाऊक असते. प्रथम बापूराव माने यांनी आणि 1980 च्या दशकापासून विजय चव्हाण यांनी ही मावशी अजरामर केली. दोघांनाही लोकांनी पुरुष म्हणूनच शाबासकी दिली, कारण नाटक स्वतःच शेवटी मावशीचे सोंग उतरवते. इंग्लंडमधील डॅनी ला रू या विख्यात विनोदी नटाचेही तसेच. उंची पोशाखात रंगमंचावर येताच तो प्रथम खर्जातल्या पुरुषी आवाजात प्रेक्षकांना हाक देई आणि मगच पुढचा खेळ मांडी. 2002 साली त्याला ब्रिटिश राजदरबाराचा किताबही मिळाला.

गणपतरावांच्या नाच्याला अशी सोय नव्हती. कथेत त्याने काही वेषांतर केलेले नसते. तो तसाच असतो, आरंभापासून अखेरपर्यंत. सोंग उतरविण्याचा प्रवेश लेखकाने लिहिलेलाच नसतो. त्यातून हा चित्रपट. गावोगावच्या तंबूत तोच चेहरा वर्षानुवर्षे. परिणाम असा झाला, की प्रेक्षकांनी नटाला नाच्यापासून निराळे पाहण्याचेच सोडून दिले. संसारी, मुलाबाळांचा हा माणूस रस्त्याने चालला, तर मागून टिंगल होई. मुलांनाही बापाच्या भूमिकेवरून टोमणे ऐकावे लागत, घरच्या सोयरिकी जुळवितानाही तीच आडकाठी येई. आणि निर्मात्यांनीही, हे सांगितलेच पाहिजे, त्यांना दुसऱ्या तऱ्हेची भूमिका देण्याचे धाडस क्वचितच केले. शालिनी, सोवळ्या समाजाने बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घरातल्या बायकांना करू दिली. त्याच समाजाने गणपतरावांच्या हावभावांची नक्कल केली ती शिवीसारखी. दोहोंत कलेचे अंतर असेल, मी ते नाकारीत नाही. पण अपमानाचे कारण ते अंतर नव्हते. एकाच्या स्त्रीत्वावर आपण मोहित झालो, दुसऱ्याच्या स्त्रीत्वाला हसलो. आणि जिला हसलो तिच्यामागच्या माणसाला ओळखण्याची गरज आपल्याला वाटली नाही.

आपल्या आयुष्याची कहाणी त्यांनी 'रंगनाच्या' या नावाने सांगितली. नावातच त्यांनी ती उपाधी स्वतःहून स्वीकारली आहे, जणू लोकांनी फेकलेला दगड उचलून पायरीला बसविला. 23 मार्च 2008 रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षे पुरी होण्याच्या आत, 1 जानेवारी 2010 रोजी, रवी जाधव दिग्दर्शित 'नटरंग' प्रदर्शित झाला. कागलच्या आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. पिळदार शरीराचा गुणा कलेच्या ओढीने नाच्या होतो आणि घरादाराला पारखा होतो, ही त्याची कथा. अतुल कुलकर्णी यांनी त्या भूमिकेसाठी आधी शरीर कमावले, मग उतरवले, याचे वर्तमानपत्रांतून रास्त कौतुक झाले. चित्रपटगृहातून बाहेर पडणारे प्रेक्षक या खेपेस हसत नव्हते.