कार्बोरेटरखालचं पॅकिंग

बीड शहरातून पहिली प्रवासी आगगाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर रूळ होते ते जिल्ह्याच्या कडेकडेनं. निजामकाळापासून परळीला आणि २०२२पासून आष्टीला. मधला सगळा मुलूख रस्त्यावर जगला. त्यामुळे गाडी घाटात का दमते, हा प्रश्न इथे हौशी लोकांपुरता कधीच नव्हता. वऱ्हाड, दवाखान्यात न्यायचा पेशंट आणि मोंढ्यावर न्यायचा कापूस, सगळ्यांचाच तो प्रश्न होता.

निजामाच्या राज्यात सरकारी बस १९३२ साली २७ गाड्यांनिशी सुरू झाली. मराठवाड्याची एसटी राज्याच्या महामंडळात मिळाली ती १९६१मध्ये. पण एसटी जिथे पोचत नव्हती तिथे जीप पोचायची. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि साहेबांच्या दौऱ्यापासून पुढाऱ्यांच्या प्रचारापर्यंत तीच गाडी धावू लागली. मागाहून ॲम्बॅसेडर आली. सगळी पेट्रोलची, सगळी कार्बोरेटरची.

इथेच गोम होती. विलीजचं मूळ इंजिन अमेरिकेतल्या टोलेडोचं, म्हणजे बर्फाच्या गावचं. तिथे थंडीत पेट्रोलची नीट वाफ व्हावी म्हणून हवा-पेट्रोल आत नेणारी नळी, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, मुद्दाम तापत्या सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला चिकटवलेली. ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनातही दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला. टोलेडोत जी सोय, ती मे महिन्यात मांजरसुंब्याच्या घाटात पीडा. पारा चाळिशीपार गेलेला, गाडी खच्चून भरलेली, दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढतेय. वर पोचल्यावर ड्रायव्हर चहाला थांबायचा आणि खरी गंमत तेव्हा सुरू व्हायची. इंजिन बंद झालं की पंखा आणि पाणी दोन्ही थांबतं, ब्लॉकमधली उष्णता वर कार्बोरेटरमध्ये चढते आणि त्याच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडतं. पेट्रोलचा हलका अंश चाळीस अंशांच्या आसपासच वाफ व्हायला लागतो. भरीस भर म्हणजे पेट्रोल पंपही इंजिनलाच बसवलेला. तो ओढून घेतो, त्यामुळे नळीतला दाब उतरतो आणि तिथेही वाफ धरते. मग कितीही स्टार्टर मारा. बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि वाट बघायची, हा उपाय त्या काळातल्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होता.

कायमचा उपाय त्याहून साधा होता: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधलं बेकेलाइटचं जाड पॅकिंग. लिओ बेकेलँडनं हा पदार्थ १९०७ साली शोधला. ॲल्युमिनियमच्या तुलनेत तो उष्णता जेमतेम हजारावा भाग पुढे जाऊ देतो. आज 'स्पेसर' म्हणून चकचकीत डब्यातून विकला जातो, त्याचा हाच पूर्वज.

मग त्यानं ताकद वाढते का? हिशेब करून पाहावा. आत जाणारी हवा दहा अंशांनी थंड मिळाली, तर ती साधारण तीन टक्के दाट होते आणि ताकदही जास्तीत जास्त तेवढीच वाढते. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांवर आहे; मुंबईच्या तुलनेत नुसत्या उंचीनं पाचेक टक्के गेलेलेच असतात. शिवाय पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवा मॅनिफोल्डमध्ये क्षणाचा अंशभरच टिकते, ती तापणार तरी किती? पॅकिंगचा खरा गुण घाटमाथ्यावर गाडी पुन्हा सुरू होण्यात होता. तिच्या चढण्यात त्याचा वाटा नगण्य.

आणि प्रत्येक इंजिनला ते मानवतंच असं नाही. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या छोट्या पाणीपंपांना मॅनिफोल्ड गरमच लागतो. गार केला तर रॉकेलची वाफ होत नाही, धूर होतो आणि ते खाली ऑइलमध्ये उतरतं.

अमेरिकेतल्या शर्यतवाल्यांनी स्पेसरची कीर्ती वाढवली, हेही खरं. मोठ्या व्ही-एट इंजिनांवर कार्बोरेटर इंच-दोन इंच उचलला की खालची पोकळी वाढते आणि ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते. खालच्या आरपीएमला बहुधा तेवढीच घटते. गंमत अशी की तिथल्या नॅस्कार या शर्यतसंस्थेनं आपल्या मुख्य मालिकेत २०१९पासून ताकद कमी करण्यासाठी निमुळत्या भोकाचा स्पेसर सक्तीचा केला. ताकद ठरते ती भोकाच्या मापावर.

बीडमध्ये हा वाद लवकर निवला, कारण जीप डिझेलवर गेली. ऐंशीच्या दशकात महिंद्रांच्या गाड्यांत प्यूजोचं डिझेल इंजिन आलं; पुढे काळी-पिवळी जीपचा सारा धंदा डिझेलवरच उभा राहिला. डिझेलला कार्बोरेटर नाही, म्हणजे वाटीतलं पेट्रोल उकळायचा प्रश्नच नाही. पेट्रोल मोटारी पुढे इंजेक्शनवर गेल्या आणि १ एप्रिल २०२०च्या बीएस-सहा नियमानंतर बहुतेक नव्या दुचाक्यांचाही कार्बोरेटर गेला. आता पेट्रोल बहुधा थेट व्हॉल्व्हपाशी फवारलं जातं, मॅनिफोल्ड बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचाच असतो. त्याखाली आणखी एक प्लास्टिक घालून साधतं काय? नीट बसलं नाही तर जोडातून हवा मात्र घेतं, आणि मग गाडी आयडलला अडखळते.

घाटात ताकद हवी, ही मागणी संपलेली नाही. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा चालक ती डिझेल पंपाचं सेटिंग वाढवून मिळवतो. तिथे फरक खरोखर पडतो, कारण इंधनच जास्त जातं. धूर काळा होतो आणि लिटरमागे अंतर कमी पडतं.