नावेतला पाटकरी

जुन्या फोटोत पाटकरी ओळखायचा असेल तर तोंडाकडे नंतर बघायचं, आधी पायांकडे. हे मला मोठ्या मायने, म्हणजे आजीने, शिकवलं. कळवणच्या आमच्या घरात पत्र्याच्या ट्रंकेत फोटोंचा गठ्ठा होता. दातेरी कडांचे, तळहाताएवढे, पिवळे पडलेले. त्यातला एक बंधाऱ्याच्या दुरुस्तीचा. पुढे खुर्च्यांवर चार पागोटी आणि एक गांधीटोपी, मागे उभी मंडळी, आणि अगदी कडेला, निम्मा चौकटीबाहेर गेलेला एक गडी. खुर्चीवरच्यांची नावं फोटोमागे निळ्या शाईने लिहिलेली, कडेच्याचं नाही.

"हाऊ पाटकरी शे," मोठी माय म्हणाली. "त्याना पाय देख."

धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, पोटऱ्यांवर गाळ वाळलेला. बाकीचे फोटोसाठी आले होते. हा पाण्यातून वर आला होता आणि बहुधा लगेच परत जाणार होता.

आमच्या भागात पाटाच्या पाण्याची एक जुनी रीत होती, फडाची. गिरणा, मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर, म्हणजे कळवण, बागलाण, मालेगावपासून पलीकडे साक्रीपर्यंत. नदीत दगडी बंधारा घालायचा, त्याच्या कडेने पाट काढायचा, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात पाणी. तीनचारशे वर्षं तरी ही रीत चालली असं जाणकार सांगतात. १८८३ साली छापलेल्या नाशिकच्या गॅझेटियरलाही इथल्या बंधाऱ्यांची दखल घ्यावी लागली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडलेले असत आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा ऊस कुठे, गहू कुठे, कोणता फड पडीक ठेवायचा, हे गाव मिळून ठरवी. शेजाऱ्याचा ऊस आणि माझी बाजरी असा प्रकारच नाही, त्यामुळे पाण्याची निम्मी भांडणं पेरणीआधीच मिटत. उरलेली निम्मी पाटकऱ्याच्या डोक्यावर.

पाणी देण्याचं काम त्याचं. शेतमालकाने स्वतः दार फोडायचं नाही, ही फडाची मोठी शिस्त. जमीन त्याची, पीक त्याचं, पण पाणी सोडणार पाटकरी. त्याच्यावर देखरेख हवालदाराची, आणि उभ्या पिकात गुरं शिरू नयेत म्हणून जागल्या. या लोकांची मजुरी खळ्यावर, धान्यात. पाटाची साफसफाई वर्षाला सगळ्यांनी मिळून करायची, त्याला माणूस पाठवला नाही तर चार लोकांत ऐकून घ्यावं लागे.

एवढं माहीत झालं की फोटो बोलायला लागतात. अभोण्याचे मामा आणि मोठी माय यांचं एका फोटोवरून चांगलंच जुंपलं होतं. त्यात उसाच्या कडेला एक म्हातारा, खांद्यावर घोंगडी. मामा म्हणाले, हा अमक्याचा बाप, पाटकरी. मोठी माय फोटो हातात घ्यायलाही तयार नव्हती. "काठी देख ना बो. पाटकरी काठी धरीसन काय करी?" पाटकऱ्याच्या हातात फावडं असणार. काठी आणि घोंगडी म्हणजे जागल्या, रात्र बांधावर काढणारा. मामांचं म्हणणं, म्हाताऱ्याला काठी लागतेच. मला मोठ्या मायचं पटलं, कारण म्हातारा काठी टेकून उभा नाही. ती त्याने बगलेत धरली आहे.

इंग्लंडात अशी ओळखपरेड फार सोपी आहे. तिकडच्या कालव्यांवर माल वाहणाऱ्या अरुंद लांबट नावा असत आणि अख्खी कुटुंबं त्या नावांच्या मागच्या खोपटात राहत. नवरा, बायको, चारदोन पोरं, सगळा संसार तेवढ्यात. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने या पोरांच्या शाळेसाठी आणि आरोग्यासाठी आरडाओरडा केला आणि १८७७ मध्ये कायदा झाला: प्रत्येक राहती नाव नोंदवायची, नोंदणीचं गाव आणि क्रमांक तिच्या अंगावर रंगवायचा. आज जुन्या फोटोत तो क्रमांक दिसला की नोंदवह्या उघडायच्या, कुटुंबाचा माग लागतो. क्रमांक दिसत नसेल तर बायकांच्या डोक्यावरची कापडी टोपी बघतात. व्हिक्टोरिया राणी वारली, त्यानंतर दुखवट्याच्या काळ्या टोप्या आल्या, असं तिकडचे जुने लोक सांगत. म्हणजे काळी टोपी दिसली तर फोटो १९०१ नंतरचा. पुढे १९६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले, नावा आठवडेच्या आठवडे अडकल्या आणि आधीच खचलेला तो धंदा जवळजवळ संपला.

आपल्या पाटांत नावा कुठून येणार? दोनचार कोस धावणारा पाट, त्यात म्हैस बसली तरी पाणी अडायचं. क्रमांकही नाहीत. पाटकऱ्याचं घर पाटाच्या आधाराने, पण पाटकरी पुरुष तेवढा फोटोत, कडेला का होईना. त्याची बायको नाही, पोरं नाहीत. वास्तविक पाण्याची पाळी दिवसरात्र चाले. कंदील धरायला बायको, चारीच्या तोंडाशी मातीचा लोंदा घेऊन बसायला पोरगं. वरच्या अंगाला दार बंद झालं की खालच्या पोराने हाळी द्यायची, अशी त्यांची पद्धत होती म्हणे. मामा सांगत, पाटकऱ्याच्या पोरांना झोपेतही कळे की पाणी कुठवर आलंय, चारीचा आवाज बदलतो. त्यात थोडी भर मामांची असणार. पण अंधारात फोटो कोण काढतो? हे सगळं कुटुंबाचं काम होतं याला पुरावा फक्त म्हाताऱ्यांच्या गोष्टींचा. तो मी फोटोइतकाच मानतो.

एका जोडप्याचा मात्र फोटो आहे, आणि तोही नावेत बसलेला! चैत्रात सप्तशृंगी गडाची यात्रा भरते, तिथे फोटोवाले पडदे लावून बसत. या पडद्यावर तळं, कमळं, मागे कुठलासा राजवाडा, आणि पुढे फळीची कापलेली नाव. तिच्यामागे दोघं बसलीत. बायकोच्या डोक्यावर पदर, मांडीवर पोर, चेहरा असा की आता बुडणार. मागे नाव नाही, साल नाही. हे पाटकऱ्याचं जोडपं, हे मामांनी क्षणात सांगितलं, आणि कारण असं दिलं की मोठी मायही गप्प झाली. फोटोवाल्याने हातात दिलेलं वल्हं त्याने फावड्यासारखं धरलंय. एक हात दांड्याच्या टोकाला, दुसरा पात्याजवळ, आणि पातं खाली माती उचलायच्या बेतात.

साल पोरावरून काढलं. मांडीवरचं हे पोर १९७२ च्या दुष्काळात आईबापांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी वाहत होतं, हे मामांना पक्कं आठवत होतं. बंधारा कोरडा, पाटकरी काय करणार? सुकडी आणि लाल मिलो खाऊन ते वर्ष काढलं. म्हणजे फोटो साठच्या आसपासचा. नंतर विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याचं त्याचं पाणी ज्याच्या त्याच्या बांधावर आलं. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, पांझरेवर लाटीपाडा अशी धरणं होत गेली. आमच्या गिरणेवर अभोण्याजवळचं चणकापूर तर १९११ पासूनच होतं. धरणाच्या कालव्यावरही पाटकरी असतो, पण सरकारी. त्याला पगार, रजा, बदली. मामांना तो पाटकरी वाटतच नसे. "ज्याची बदली होते," ते म्हणत, "त्याला कोणाचं शेत तहानलंय ते काय कळणार?" हे जरा अन्यायाचं आहे, कडाक्याच्या थंडीत रात्रीच्या पाळीला उभे राहणारे सरकारी पाटकरी मी पाहिलेत.

गेल्या वर्षी नावेतल्या जोडप्याचा नातू फोटो मागायला आला. आजोबांचा दुसरा फोटोच नव्हता. त्याला मोठा करून भिंतीवर लावायचा होता, पण मागचा पडदा आणि ती खोटी नाव नको; लोक हसतात म्हणाला. स्टुडिओतल्या पोराने संगणकावर नाव पुसली, राजवाडा पुसला, मागे चणकापूरचं भरलेलं धरण लावलं. वल्हं काही निघेना, काढायला गेलं की बोटंच जात होती. मग त्याने पातं रुंद करून त्याचं फावडं केलं.

मामांनी चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला. "फावडं बरोबर आहे," म्हणाले. "पण धरणाच्या भिंतीवर हा काय करतोय? तिथं सरकारी माणूस असतो. त्या पोराला सांग, मागे बंधारा लाव."